एका काचेत दोघी

लिहून ठेवणार : फ्रेमवाल्या काकू. बाजाराच्या कोपऱ्यावर फोटोला चौकटी करून देण्याचे दुकान आहे, ते माझे. तोंडावर मला सगळे काकू म्हणतात आणि पाठ फिरली की कवडीचुंबक. दोन्ही नावांना मी ओ देते, त्यामुळे ओळख पटवायला कुणाला अडचण पडू नये.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, डोके पूर्ण ठिकाणावर असताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. स्वतःच्या हाताने अशासाठी, की वकीलसाहेबांचा टंकलेखक पानामागे पैसे घेतो. "डोके ठिकाणावर असताना" ही ओळ प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि ती कुणी वाचत नाही. माझ्या बाबतीत ती दोनदा वाचावी. कारण माझे चिरंजीव गेली काही वर्षे चारचौघांत सांगत आहेत, की आईचे डोके फिरले आहे. पुरावा काय, तर आई लोकांना फुकट देते. आयुष्यभर मी कुणाला खिळासुद्धा फुकट दिला नाही, तेव्हा मी शहाणी होते. आता देते, म्हणून वेडी.

तेव्हा हे मृत्युपत्र टिकायचे असेल, तर मी चिक्कू होते आणि शेवटपर्यंत चिक्कूच राहिले, असे मला सिद्ध करावे लागणार. टिकले नाही, तर सगळे चिरंजीवांकडे जाईल, ते दुकान पाडायला देतील, आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या माझ्या नणंदबाई, म्हणजे चिरंजीवांच्या सख्ख्या आत्या, या वयात ट्रंक घेऊन रस्त्यावर येतील. त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. माझे काय, मी तर गेलेलीच असेन.

कलम पहिले. दुकान, वरचा माळा आणि मागची खोली ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. जागामालकाकडून मी ती विकत घेतली, खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर आहे, आणि त्यात सासरच्या कुणाचा रुपया नाही. असणार कुठून? सासूबाईंनी शिल्लक ठेवला असता तर.

हे जरा उलगडून सांगणे भाग आहे. धंदा मूळ सासऱ्यांचा, जागा भाड्याची. सासरे गेल्यावर गल्ल्यावर सासूबाई बसू लागल्या. गिऱ्हाईक रडले की सासूबाई चौकट फुकट देत. आणि आमच्या धंद्यात निम्मी गिऱ्हाइके रडतच येतात, कारण फोटो मोठा करून भिंतीला लावायची वेळ बहुतेकदा माणूस गेल्यावरच येते. मी लग्न होऊन आले तेव्हा काचेच्या व्यापाऱ्याने माल द्यायचे बंद केले होते आणि माझे यजमान आईपुढे तोंड उघडत नव्हते. मग तोंड मी उघडले. गल्ल्याची किल्ली माझ्या कमरेला आली. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे, पट्ट्यांच्या तुकड्यांतून लहान चौकटी काढायच्या आणि रडणाऱ्याला आधी पाणी द्यायचे, मग भाव सांगायचा, असे नियम मी घातले.

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तू काच कापतेस तशी माणसंही कापतेस."

मी म्हटलं, "तुम्ही वाटलीत, म्हणून मला कापावी लागते."

त्यानंतर आम्ही दोघी एका छपराखाली राहून एकमेकींना निरोप यजमानांमार्फत पाठवत असू. बिचारे स्वयंपाकघरातून माजघरात जाता जाता थकून जात.

कलम दुसरे. माझ्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या सूनबाईला द्याव्यात. या पाटल्या खरे तर सासूबाईंनी मला द्यायच्या होत्या. त्यांनी त्या शेजारणीच्या मुलीच्या लग्नात देऊन टाकल्या आणि मी त्याच पाटल्या पुढे तिच्याकडून विकत घेतल्या. मला वाटते, स्वतःच्या सासूचे दागिने बाजारभावाने घेणारी मी एकटीच असेन. सूनबाईने त्या फुकट घ्याव्यात आणि फुकट मिळाल्या हे लक्षात ठेवावे.

कलम तिसरे. मागच्या खोलीत राहण्याचा हक्क मी माझ्या नणंदबाईंना, ज्यांना मी वन्सं म्हणते, त्यांच्या हयातीपर्यंत देते. भाडे घ्यायचे नाही. खोली रिकामी कर, असे कुणी बोलायचे नाही, सुचवायचे नाही, त्यांच्या देखत उसासाही टाकायचा नाही. बँकेत मी जे काही ठेवले आहे, त्याचे व्याज त्यांच्या औषधपाण्याला जावे. त्यांच्यामागे मुद्दल आणि दुकानासकट सगळी जागा चिरंजीवांना मिळेल. म्हणजे चिरंजीवांना मी डावललेले नाही. फक्त थांबायला सांगितले आहे.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे माझ्या तथाकथित वेडावर.

आमच्या धंद्यात चौकटीला पाठ लागते. पुढे काच, मध्ये चित्र, मागे पुठ्ठा. गिऱ्हाईक काच बघते, पट्टी बघते, पाठ कुणी बघत नाही. म्हणून पाठीला मी कधी पुठ्ठा विकत आणला नाही. घरात जे जाड आणि सपाट सापडेल ते पाठीला लावायचे आणि वरून खाकी कागद चिकटवायचा. जुनी कॅलेंडरे, साड्यांचे खोके, वह्यांची कव्हरे, सगळे त्यात गेले. एका पैशाचा पुठ्ठा वाया गेला नाही, याचा मला अभिमान होता.

सासूबाई गेल्या. त्यांचा एकच फोटो होता, तरुणपणी स्टुडिओत काढलेला, जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर डकवलेला. वन्संनी तो चौकट करायला माझ्या टेबलावर आणून ठेवला, पालथा. त्या दिवशी कामाची घाई होती आणि पाठीला काही मिळत नव्हते. हात मागे गेला, जाड पुठ्ठा लागला, तो मी बसवला आणि खाकी कागद चिकटवून मोकळी झाले. संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आईचा फोटो?" तेव्हा माझ्या लक्षात आले. सासूबाई कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी चित्रामागे, भिंतीकडे तोंड करून लटकत होत्या. कुणाच्या, ते मला आठवेना. मुद्दाम केले नव्हते. पण कळल्यावर फार वाईट वाटले, असेही खोटे लिहिणार नाही. वन्संना मी "होईल हो, कामं पडलीत" असे सांगितले आणि वर्षानुवर्षे तेच सांगत राहिले. वन्सं स्वभावाने गरीब. त्या दर थोड्या दिवसांनी विचारत आणि मी तेच उत्तर देई.

मग वन्संची नजर जाऊ लागली. एक दिवस त्या भिंत चाचपत दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, चौकट राहू दे. नुसता फोटोच दे. दिसतंय तोवर एकदा आईला बघून घेते."

अन्नावरची वासना उडाली म्हणतात ना, तसे माझे झाले.

आता गावभरच्या चौकटी उसवायच्या कशा? "तुमची फ्रेम फोडू द्या, आत माझ्या सासूबाई असतील" असे दारोदार सांगितले असते, तर चिरंजीवांचे काम तेव्हाच झाले असते. म्हणून मी दुकानाबाहेर पाटी लावली : "या दुकानातून घेतलेल्या कोणत्याही फ्रेमची काच व पाठ मोफत बदलून मिळेल." मोफत हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिला, अक्षर अजून वाकडे दिसते.

आधी कुणी फिरकेना. समोरचा न्हावी रस्ता ओलांडून आला, पाटी वाचली, मग मला वाचले, आणि हळूच म्हणाला, "काकू, बरं नाही का वाटत? डॉक्टरांना बोलावू?" काहींना वाटले, मी निवडणुकीला उभी राहणार. मग एक जण भीतभीत आला, त्याला खरेच फुकट मिळाले, आणि मग रांग लागली. लोक म्हणू लागले, काकू बदलल्या. एका रात्रीत बदलल्या. देव भेटला म्हणे. अगदी सासूवर गेल्या हो! हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होई. अहो, सून सासूवर कशी जाईल?

चिरंजीवांनी मात्र धसका घेतला. "आई, तू बदललीस," म्हणाला. "मला आपली जुनी आई पाहिजे." ज्या जुन्या आईने त्याला कधी नवी पेन्सिल घेऊन दिली नाही, तिची त्याला अशी आठवण यावी, याचे मला कौतुक वाटले. पुढे तो, रक्तदाब तपासू या, असे सांगून मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तदाब तपासायला डॉक्टर पंतप्रधानांचे नाव विचारत नाहीत, एवढे मला कळते.

डॉक्टरांनी चिरंजीवांना बाहेर बसवले आणि मला विचारले, "काकू, आज वार कोणता?"

मी म्हटलं, "हे सांगायची फी मी घ्यायची की तुम्ही?"

"बरं, तुम्ही लोकांना फुकट का देता?"

माझे लक्ष त्यांच्या डोक्यावर होते. तिथे त्यांची डिग्री टांगलेली होती. चौकट माझी, कोपऱ्यावरून ओळखली. काच तडकलेली.

"डॉक्टर, तुमच्या डिग्रीची काच गेलीय. काढा खाली."

"काकू, आधी माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे काय बघायचंय? काढा म्हणते ना!"

त्यांनी काढली. आता वेडीच्या नादी कोण लागतो, असा त्यांचा चेहरा झाला होता. मी पिशवीतली पक्कड काढली, खिळे उपटले, खाकी कागद टरकावला. डिग्रीमागून सासूबाई निघाल्या. तरुण, ताठ मानेच्या, आणि थेट माझ्याकडे बघणाऱ्या. मी मोठ्याने म्हटलं, "आल्या, आल्या बाई एकदाच्या!" आणि मला जे रडू फुटले, ते आवरेना. सासूबाई गेल्या तेव्हाही मी एवढी रडले नव्हते. डॉक्टरांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मला पाणी दिले आणि कागदावर लिहिले, की बाईंचे डोके उत्तम चालते. फी मात्र पूर्ण घेतली, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

वकीलसाहेब इथवर वाचून म्हणाले, "काकू, बस. इथेच थांबा. फोटो शोधायला काचा बदलत होता, हे पक्कं शहाणपणाचं. फोटो सापडला हे लिहू नका. अजून शोध चालू आहे, असं लिहा."

"का बरं?"

"कारण फोटो सापडल्यावरही तुम्ही फुकट देत राहिलात. अजून देताय. ते कसं समजावणार?"

बरोबर बोलले. पण खोटे लिहायलाही शाई तेवढीच लागते. म्हणून खरे तेच लिहिते. फोटो पाटी लावल्यापासून थोड्याच दिवसांत सापडला. त्याला मी चौकट केली. तुकड्यांची नाही, अखंड सागवानी पट्टीची, नवी काच आणि मागे विकत आणलेला कोरा पुठ्ठा घालून. वन्संनी फोटो डोळ्यांशी धरला. खूप वेळ धरला.

मग विचारले, "वहिनी, इतकी वर्षं कुठे होता गं?"

"दुरुस्तीला."

"इतकी वर्षं?"

"आमच्याकडे काम सावकाश होतं."

वन्सं हसल्या. त्यांना काय ते कळले असावे. फोटो त्यांच्या उशाशी आहे, हात लांबवला की काच लागते, कारण आता त्या हातानेच बघतात. चिरंजीवांनी आत्याच्या खोलीत पाऊल टाकले असते, तर त्यांनाही तो कधीच दिसला असता.

मग पाटी का उतरवली नाही? उतरवायलाच निघाले होते. स्टुलावर चढलेही होते. तेवढ्यात एक बाई जुनी चौकट घेऊन आली, तिला नाही कसे म्हणायचे, म्हणून म्हटले ही शेवटची. तिची पाठ उघडली, तर आत पुठ्ठ्यावर रंगीत खडूंनी काढलेले घर. घरापुढे एक बाई, तिच्या कमरेला ही एवढी मोठी किल्ली. खाली लिहिलेले, "माझी आई". चिरंजीवांचे अक्षर.

चिरंजीव, तुला आठवत असेल. शाळेतून चित्र आणलेस, दुसऱ्या दिवशी ते जागेवर नव्हते, तू घर डोक्यावर घेतलेस आणि मी म्हटले, वाऱ्याने उडाले असेल. ते वाऱ्याने उडाले नव्हते. पुठ्ठा चांगला होता.

त्या दिवसापासून मी पाटीला हात लावला नाही. एकेक चौकट उघडत गेले आणि एकेक गोष्ट घरी येत गेली. तुझी चित्रे. तुझे प्रगतिपुस्तक, गणितात काठावर पास. कैलासवासी यजमानांच्या अक्षरातले पाकीट. आमच्या लग्नाची पत्रिका, तीही मी सोडली नव्हती. माझे सगळे घर गावभर भिंतींना टांगलेले होते आणि ते मी एका काचेला एक, या भावाने परत घेतले. सौदा वाईट नव्हता. लोकांना वाटले, काकू देतात. काकू घेत होत्या. झाले की नाही सिद्ध?

नाही झाले, हे मलाही कळते. कारण अलीकडे दुसऱ्या दुकानातल्या चौकटी घेऊनही लोक येतात. त्यात माझे काही निघणार नाही हे ठाऊक असून मी काच बदलून देते. रडत आलेल्याला पाणी देते आणि भाव सांगायचा विसरते. याला माझ्याकडे उत्तर नाही. सासूबाई वन्संच्या उशाशी बसून हसत असतील, तर हसू देत. मला ते आवडते, एवढेच लिहिते. फार आवडते.

कलम चौथे. वर सांगितलेली सगळी चित्रे, प्रगतिपुस्तके आणि पाकिटे मी साडीच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवली आहेत. ते खोके चिरंजीवांना द्यावे, आणि त्यासाठी त्यांना थांबायला लावू नये.

कलम पाचवे. व्यापारी मंडळाने मला "औदार्याबद्दल" मानपत्र दिले. त्याला चौकट चौकातल्या फ्रेमवाल्याने केली. कोपरे इतके सुटलेले, की त्यातून मुंगी सहकुटुंब जाईल. माझी हिरकणी, जिने मी काच कापते, कोपरे जुळवायचा लाकडी साचा आणि शिल्लक काच त्या फ्रेमवाल्याला द्यावी. अट एकच. माझ्या दुकानातली चौकट कुणी आणली, तर त्याने काच फुकट बदलावी आणि पाठीमागे जे निघेल ते चिरंजीवांच्या घरी पोचते करावे. अजून बरेच यायचे आहे. मानपत्र त्याने पाठीला वापरावे, कागद जाड आहे.

कलम सहावे. डॉक्टर आणि न्हावी यांना काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही न देणेच बरे, असे वकीलसाहेब म्हणाले. हा सल्ला मला मनापासून आवडला.

कलम सातवे. आता चिरंजीव, नीट वाच. वरचे सगळे वाचून तू कोर्टात जाशील आणि म्हणशील, फुकट देणे हेच आईच्या वेडाचे लक्षण, आणि पाटी लागली त्या दिवसापासून आई वेडी. जा. तुझा हक्क आहे. पण तू राहतोस तो फ्लॅट मी तुला बक्षीसपत्राने दिला, तो पाटी लागल्यानंतर. डॉक्टरांकडे मला नेलेस त्यानंतर. त्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीत तू स्वतः लिहून दिलेस, की आईचे डोके ठिकाणावर आहे. तेव्हा पाटीपासून मी वेडी असेन, तर तो फ्लॅटही वेडीनेच दिला, आणि सरकारी कचेरीत तू खोटे लिहून दिलेस, हे तुला कोर्टात कबूल करावे लागेल. दोन्हींपैकी कोणती आई पाहिजे ते तू ठरव.

हे कलम वाचून वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "काकू, या कलमाची फी मी घेत नाही." मी म्हटलं, "मग तुमचंही डोकं तपासून घ्या." तेच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक राहतील.

आणि तो फ्लॅट मी तुला आजचा हा डाव डोक्यात ठेवून दिला नव्हता, हेही लिहून ठेवते. तू माझा मुलगा आहेस, म्हणून दिला. डाव मला परवा सुचला.

कलम आठवे आणि शेवटचे. मी गेल्यावर माझा फोटो मोठा करू नये. बँकेच्या पासबुकावरचा आहे तोच काढावा. वन्सं आहेत तोवर तो कुठेही ठेवा. वन्संच्या मागे मात्र त्यांच्या उशाची सागवानी चौकट उघडावी, सासूबाईंना बाहेर काढू नये, जागच्या जागी किंचित सरकवावे आणि शेजारी मला बसवावे. पाठीला नाही, शेजारी. दोघींची तोंडे पुढे. आयुष्यभर आम्ही निरोप दुसऱ्याच्या हाती पाठवले, आता समोरासमोर काय ते बोलू. शिवाय एका काचेत काम भागेल.

सही : (फ्रेमवाल्या काकू, ऊर्फ कवडीचुंबक)

साक्षीदार पहिला : डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बाई शुद्धीत आहेत. सही करताना त्यांनी माझेच पेन वापरले आणि ते परत मागावे लागले, यावरून खात्री पटली.

साक्षीदार दुसरा : समोरचा न्हावी. मीही पाहिले. मला लिहायची सवय नाही, पण काकू चांगल्या आहेत, एवढे लिहितो म्हटले तर त्या म्हणाल्या, ते खोडा, मृत्युपत्र रद्द होईल. मी खोडलेले नाही.

ठिकाण : दुकान, काच कापायचे टेबल.
तारीख : वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे ती. दोनदा कशाला लिहायची?